आधी पानं टाकायला शिका

दिवाळीत तीन पत्ती खेळून हात बसलेला माणूस पोकरच्या टेबलावर आला की त्याचं पहिलं नुकसान त्याच्या हिमतीमुळे होतं. तीन पत्तीत पान न बघता ब्लाइंड चाल करणाऱ्याचं कौतुक होतं आणि सारखं पॅक करणाऱ्याची टर उडते. पोकरमध्ये, म्हणजे सध्या सगळीकडे खेळला जातो त्या टेक्सस होल्डेममध्ये, चांगला खेळाडू दहापैकी आठ डाव पहिल्या फेरीतच सोडून देतो. तुम्ही नव्याने हा खेळ खेळू लागला असाल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी पानं टाकायला शिका. आणि त्याच्याही आधी, खेळायचे पैसे घरखर्चाच्या पैशांपासून वेगळे काढा. बाकीचं पोकर त्यानंतर सावकाश येतं.

खेळाची रचना सोपी आहे. प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी. मधली तीन एकदम येतात, तो फ्लॉप. मग एक टर्नचं आणि शेवटी एक रिव्हरचं. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची फेरी होते आणि सातांतली उत्तम पाच पानं ज्याची, त्याचा पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे. तीन पत्तीवाल्यांनी इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी. तीन पत्तीत रन (ओळीची पानं) ही कलरपेक्षा (एकाच रंगाची पानं) मोठी, पोकरमध्ये मात्र कलर मोठा. तीन पानांत रनपेक्षा कलर जास्त वेळा जमतो, पाच पानांत कलरपेक्षा रन जास्त वेळा जमते, म्हणून क्रम उलटतो. रिव्हरला सगळ्या चिप्स पुढे सारून झाल्यावर ज्यांना हा फरक कळला, असे लोक मी पाहिले आहेत.

आता कोणती पानं खेळायची? बावन्न पानांतून हातात येणाऱ्या दोन पानांच्या १,३२६ जुळण्या होतात. नवख्याने त्यांतल्या फार थोड्या खेळाव्यात: कुठलीही जोडी, एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम, आणि राजा-राणी. या सगळ्या मिळून १४२ भरतात, म्हणजे नऊ-साडेनऊ डावांत एक. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात, तेव्हा तुमच्या वाट्याला तासात तीन डाव येणार. जोडी सतरा डावांत एकदा येते. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा, म्हणजे सरासरी सात तासांहून जास्त बसल्यावर. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पोकरमध्ये नवख्याला सगळ्यात जास्त लुटतो तो कंटाळा. अर्धा तास नुसतं बघत बसल्यावर राणी-सत्तीसुद्धा बरी दिसायला लागते. दोन्ही पानं बदामाची असली तर विचारायलाच नको. पण हातात एकाच रंगाची दोन पानं असताना फ्लॉपलाच कलर पुरा होण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे.

आणि एक्का. एक्का दिसला की आपल्याकडे पान टाकवत नाही. पाच-दहाच्या ब्लाइंडचा (पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी लावायचे सक्तीचे पैसे) घरगुती डाव घ्या, प्रत्येकाकडे हजाराच्या चिप्स. तुमच्या हातात एक्का-चौकी. समोरचा ४० करतो, तुम्ही कॉल करता, म्हणजे तेवढेच लावता, बाकीचे पानं टाकतात. ब्लाइंडचे १५ धरून पॉट ९५. फ्लॉप येतो: एक्का, नव्वी, छक्की. तुम्हाला एक्क्यांची जोडी लागली, म्हणून तुम्ही खूश. तो ६० लावतो, तुम्ही देता. टर्नला तिर्री; तो १५० लावतो, तुम्ही देता. रिव्हरला राणी, तो ३५० लावतो. इतकं दिलंय, आता काय सोडायचं, म्हणून तेही देता. तो एक्का-राजा उघडा करतो. जोडी दोघांचीही एक्क्यांचीच होती, त्याचा राजा वरचढ ठरला. हजारातले ६०० एका डावात गेले, आणि चूक रिव्हरला झालेली नाही. ती पहिल्या ४० रुपयांना झाली. एक्क्याबरोबर फुटकळ पान असेल तर निमूट टाकून द्या.

चांगलं पान आलं की मात्र नुसतं कॉल करत बसू नका, वाढवा. एक्क्यांची जोडी एकासमोर सरासरी शंभरात पंच्याऐंशी वेळा टिकते. पाच जण आत राहिले तर जेमतेम निम्म्या वेळा. गर्दी कमी करण्यासाठीच रेज असतो. तसंच, तुमच्यानंतर किती जण बोलायचे आहेत हे आधी मोजा. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांच्या चाली बघून निर्णय घेता येतो. सुरुवातीला बोलणाऱ्याला अंधारात. त्यामुळे गुलाम-दश्शीसारखी मध्यम पानं पुढे खेळायला शिकाल तेव्हाही ती शेवटच्या जागेवरूनच खेळा.

थोडं गणित लागतं, पण पाढ्यांपलीकडचं नाही. तुमच्याकडे बदामाची दोन, फ्लॉपवर बदामाची दोन, कलरला एक कमी. उरलेल्या ४७ पानांत बदाम ९, म्हणजे पुढच्या पानाला लागण्याची शक्यता १९ टक्के. पॉटमध्ये १,००० आहेत आणि समोरच्याने २५० लावले. तुम्ही २५० दिले तर एकूण १,५०० होतील. त्यात तुमचा वाटा सुमारे १७ टक्के. किंमत रास्त आहे, द्या. त्याने १,००० लावले असते तर ३,००० मधले १,००० तुमचे, म्हणजे ३३ टक्के किंमत देऊन १९ टक्क्यांची वस्तू घेणं झालं. तिथे सोडायचं. दोघांपैकी एकाच्या सगळ्या चिप्स फ्लॉपलाच आत गेल्या असतील आणि पुढे काही न देता दोन्ही पानं बघायला मिळणार असतील, तरच शक्यता ३५ टक्के धरा. मनातल्या मनात करायचं तर उपयोगी पानांच्या संख्येला एका पानासाठी दोनाने गुणा, दोन पानांसाठी चाराने. टेबलावर एवढं पुरतं.

ब्लफबद्दल सगळे विचारतात. घरगुती खेळात पहिले काही महिने ब्लफ करूच नका. तिथे कोणी पान टाकत नाही, आणि जो टाकत नाही त्याला घाबरवून उपयोग काय?

आता पैशांचं, कारण खरा घात तिथे होतो. अमेरिकेतला स्टू उंगर हा पत्त्यांतला विलक्षण बुद्धीचा माणूस. जिन रमीत त्याच्यासमोर बसायला लोक तयार होईनात, म्हणून तो पोकरकडे वळला. लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. १९९७ मध्ये पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर होतं, पण त्याची प्रवेश फी दुसऱ्याने भरलेली, त्यामुळे निम्मी रक्कम त्याची. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. वय ४५. घोड्यांवरच्या आणि सामन्यांवरच्या पैजांनी आणि अमली पदार्थांनी सगळं गेलं होतं. अंत्यसंस्काराला मित्रांनी वर्गणी काढली. त्याच्याएवढं पत्ते कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. तरी त्याला पैसे राखता आले नाहीत. आपल्याला तर त्याच्याएवढे पत्तेही कळत नाहीत.

म्हणून खेळायचे पैसे वेगळे काढा, खरोखर वेगळे, दुसऱ्या खात्यात किंवा पाकिटात. पगारातून हप्ता, मुलांची फी, किराणा, औषधं, बचत हे सगळं गेल्यावर जे सिनेमाला किंवा हॉटेलला खर्च केलं असतं, तेवढंच. हा आकडा घरी बायकोला, नवऱ्याला किंवा आईवडिलांना सांगा. सांगायची लाज वाटत असेल तर तो आकडा मोठा आहे.

एका वेळी टेबलावर त्यातला किती भाग न्यायचा? २००० सालचा विश्वविजेता ख्रिस फर्ग्युसन याने शून्यापासून दहा हजार डॉलर उभे करून दाखवताना स्वतःला नियम घालून घेतला होता, की एका टेबलावर एकूण रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त न्यायचे नाहीत. तोच धरा. दहा हजारांच्या चिप्स घ्याव्या लागतात अशा टेबलासाठी दोन लाख बाजूला हवेत. नसतील तर ते टेबल तुमचं नाही. चार हजार आहेत? मग दोनशेच्या चिप्सचा, रुपया-दोन रुपयांच्या ब्लाइंडचा डाव मांडा. चांगला खेळ करूनही लागोपाठ सहा-सात बैठका हरणं पोकरमध्ये नेहमीचं आहे. एक्क्यांची जोडीसुद्धा राजांच्या जोडीकडून शंभरात अठरा वेळा मार खातेच. ते सोसायला रक्कम लागते.

एका बैठकीत दोनदा चिप्स संपल्या की उठा. हा आकडा बसण्याआधी ठरवा, कारण हरल्यावर ठरवणारा माणूस तुम्ही नसता. चेहरा तापतो, आधी जी पानं टाकली असती ती खेळावीशी वाटतात, गेलेले काढूनच उठतो असं तोंडून निघतं. खेळाडू त्याला टिल्ट म्हणतात. तेव्हा शहाणपणाचे बोल ऐकू येत नाहीत, फक्त आधी घातलेली कुंपणं उपयोगी पडतात. मोबाईल घरी ठेवा किंवा सोबतच्या न खेळणाऱ्या माणसाकडे द्या. यूपीआय हाताशी असलं की खिसा रिकामा झाल्याचं कळतच नाही. टेबलावर उसने घेऊ नका आणि देऊ नका, मित्र कितीही जवळचा असला तरी.

गोव्याला मांडवीतल्या बोटींवर जाऊन पोकर शिकू असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडं थांबावं. वातावरण भारी असतं, खाणंपिणं सढळ असतं, आणि त्याच टेबलावर हा खेळ वर्षानुवर्षं खेळणारे लोक बसलेले असतात. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, पण कॅसिनो प्रत्येक मोठ्या पॉटमधून आपला वाटा, म्हणजे रेक, कापतो. समजा आठ जण दहा-दहा हजार घेऊन बसले आणि डावामागे सरासरी दोनशे कापले. तीस डावांचे तासाला सहा हजार, पाच तासांत तीस हजार. टेबलावर आलेल्या ऐंशी हजारांतले तीस कोणीच जिंकलेले नाहीत. पुन्हा, पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. जायचंच असेल तर सहल म्हणून जा, प्यायची असेल तर खेळून झाल्यावर प्या.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि इथल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. आता परदेशी अ‍ॅपच्या लिंक पाठवणारे भेटतील. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही, हात लावू नका. महाराष्ट्रात कॅसिनोही नाहीत, आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. कोणी फ्लॅटमध्ये टेबल लावून पॉटमधून नाल काढत असेल तर कायद्याच्या नजरेत तो जुगाराचा अड्डा ठरू शकतो. तिथे पाऊल टाकू नका. खेळण्यासाठी खोटं बोलावं लागत असेल, दागिना किंवा कर्जाचे पैसे वापरले गेले असतील, तर हिशेब जुळवत बसू नका. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आजच फोन करा.

सुरुवात चिंचोक्यांनी करा. पानांचा क्रम, बोलण्याची पाळी, पॉट मोजणं हे दोन-तीन बैठकांत जमतं. त्यापुढे चिंचोके पुरत नाहीत, कारण फुकटच्या चिंचोक्यांवर कोणी पान टाकत नाही. मग रुपया-दोन रुपयांवर या, चार ओळखीचे लोक, उठायची वेळ आधी ठरलेली. शेजारी वही ठेवा: तारीख, किती तास, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, येण्याजाण्याचा आणि खाण्याचा खर्च. जिंकलेली बैठक लिहायला सगळ्यांना आवडतं, हरलेली त्याच रात्री लिहा. आणि डाव सोडलात म्हणून इकडेतिकडे बघत बसू नका. शेवटी कोण कोणती पानं उघडी करतं ते बघा. ज्याने मोठा रेज केला होता त्याच्याकडे खरंच काय होतं, कोण राजा-दुर्रीवर रिव्हरपर्यंत जातो, कोण गप्प बसून एकदम पुढे येतो, हे तुमचा एक रुपयाही न घालवता कळतं, आणि पुढच्या आठवड्यात याच लोकांबरोबर तुम्ही बसणार आहात.