कऱ्हेची जागा कऱ्हेलाच राहू द्या

कऱ्हा मोठी नदी नाही. गराड्याकडच्या डोंगरातून निघते, सासवडला चांबळीला सोबत घेते, नाझऱ्याच्या धरणात थांबते, पांडेश्वर-मोरगाव करत बारामतीत जाते आणि सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेत जाते. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला हिचं नाव दिलं. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानाला हिच्याकडेच येते. पण खोरं पर्जन्यछायेतलं. वर्षातले कित्येक महिने पात्रात खडक आणि वेड्या बाभळीच दिसतात. मग कुणी तिथे राडारोडा ओततो, कुणी मुरूम टाकून जागा सपाट करतो, कुणी पत्र्याचं शेड उभं करतो. हटकलं तर म्हणतात, "इथं पाणी कुठं येतंय?"

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलं होतं. डोंगरापलीकडे पुण्यात आंबिल ओढ्याने माणसं नेली, त्याच रात्री अलीकडे कऱ्हा फुगली. नाझरे भरून वाहिलं आणि खाली बारामतीत काठावरची घरं रिकामी करावी लागली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पुरंदरमध्ये पाण्याचे टँकर फिरत होते. आमच्याकडे पाऊस असाच येतो, बहुतेक वेळा परतीचा, आणि एका रात्रीत. एरवी कोरडं दिसणारं ते रुंद पात्र त्या रात्रीसाठीच असतं.

सासवडचा संगमेश्वर बघा. देऊळ उंचावर, पायऱ्या नदीपर्यंत सोडलेल्या. बांधणाऱ्यांना पाणी कुठवर चढतं ते ठाऊक होतं.

मी काठावरचा शेतकरी, म्हणून वाळूचंही सांगतो. आमची विहीर नदीच्या वाळूवर जगायची. पूर ओसरला की वाळूत मुरलेलं पाणी पुढे महिनोन्‌महिने झिरपत राहायचं. रात्रीच्या ट्रॅक्टरांनी वाळू नेली, खाली खडक उघडा पडला आणि विहिरीने माघातच तळ दाखवायला सुरुवात केली. आता पुरंदर उपसा सिंचन योजनेने मुळा-मुठेचं पाणी डोंगर चढवून आणतात, त्याचं वीजबिल भरतात. ते पाणी हवंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण स्वतःच्या नदीत फुकट साठणारं पाणी घालवून दुसऱ्या नदीचं विकत घ्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांच्या पुराची लाल. आमच्या गावात या रेषांचा एक खांबही नाही. शेतकऱ्याने नकाशा कुठे जाऊन बघायचा? गराड्यापासून सोनगावपर्यंत प्रत्येक गावात निळ्या रेषेवर दगडी खांब रोवा, आतला भराव पावसाळ्याआधी उचला आणि वाळू उपसणाऱ्याचं वाहन दंड घेऊन सोडून देऊ नका. येत्या ग्रामसभेत मी हाच ठराव मांडणार आहे. काठावरच्या बाकीच्या गावांनीही मांडावा.