औषधांची गोष्ट : सोमल आणि अडकलेल्या पेशी

सोमल म्हटलं की मराठी माणसाला विषप्रयोग आठवतो. तोच सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, आज रक्ताच्या एका कर्करोगावरचं नेमकं औषध आहे. यंदा मंडळाच्या भोंडल्याला दोघीतिघींनी मला विचारलं, "केमोशिवाय ल्युकेमिया बरा होतो म्हणतात, खरं का?" एका प्रकारात, हो. त्या प्रकाराचं नाव अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल.

अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्यानं मोठ्या होतात, कामाला लागतात आणि त्यांतल्या बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात. एपीएलमध्ये त्या कोवळ्या वयातच अडकतात. मोठ्या होत नाहीत, वेळेवर मरत नाहीत, नुसती संख्या वाढते. केमो त्यांना मारते, आणि सोबत चांगल्या पेशींनाही. पण त्यांना मारण्याऐवजी मोठं केलं तर? मोठ्या झाल्या की आपल्या आपण मरतील.

शांघायचे डॉक्टर वांग झेनयी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रेटिनोइक आम्ल दिलं, आणि ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटानं २४ रुग्णांची हकिगत छापली. त्यांतल्या २३ जणांचा आजार फक्त या औषधानं आटोक्यात आला होता.

असं का होतं, ते नंतर उलगडलं. या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि ते पेशीला मोठं करणाऱ्या जनुकांवर कुलपासारखं बसतं. रेटिनोइक आम्ल ते कुलूप उघडतं. सोमल त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला चिकटतो आणि पेशीकडूनच त्याची विल्हेवाट लावून घेतो. सोमलाची ही वाट हार्बिनच्या झांग तिंगदोंग यांनी १९७०च्या दशकात शोधली, तीही एका गावठी औषधाचा माग काढत. त्या औषधात पारा आणि बेडकाचं विषही होतं. उपयोगाचा निघाला तो सोमल.

आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं २००६ साली ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. नव्यानं निदान झालेल्या या रुग्णांना मुख्य औषध म्हणून एकटा सोमलच दिला होता आणि सुमारे ८६ टक्क्यांचा आजार आटोक्यात आला. पैशांची अडचण असलेल्या देशात हे फार मोठं काम होतं, आणि त्याचं कौतुक मला पुरेसं झालेलं दिसत नाही. पुढे २०१३ साली युरोपातल्या चाचणीत कमी-मध्यम जोखमीच्या रुग्णांना दोन्ही औषधं एकत्र, केमोशिवाय दिली. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता सुखरूप होते.

मग या आजारात माणसं दगावतात कशानं? बहुधा पहिल्या काही दिवसांतल्या रक्तस्रावानं. या कोवळ्या पेशी रक्त गोठण्याची सगळी यंत्रणा बिघडवतात. म्हणून नुसता संशय आला तरी, गुणसूत्रांचा अहवाल यायच्या आत, रेटिनोइक आम्ल सुरू करतात. कारण नसताना अंगभर काळेनिळे डाग, थांबत नाही असं हिरड्यांचं किंवा नाकाचं रक्त, आणि सोबत ताप किंवा थकवा असेल तर जीपीची पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊन बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. सिटीवेस्टहून टॅला काही लांब नाही.

उपचारातही एक खाचखळगा आहे. पेशी एकदम मोठ्या होऊ लागल्या की ताप येतो, वजन वाढतं, धाप लागते. डॉक्टर लगेच स्टेरॉइड देतात. त्यामुळे हे घरी करायचं काम नव्हे. पुण्याहून येताना कुणी हरताळाचं किंवा मनशीळेचं भस्म आणलं तर ते आर्सेनिकच आहे, आणि त्याची मात्रा कुणी मोजलेली नाही. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही हे कुलूप उघडत नाही, यकृत मात्र बिघडतं.

इतर ल्युकेमियांची कुलपं वेगळी असतात. आयडीएच जनुकातल्या बिघाडासाठी २०१७ आणि २०१८ साली अमेरिकेत दोन गोळ्यांना मान्यता मिळाली. त्याही पेशींना मोठं करतात, पण एपीएलइतकं यश तिथं अजून नाही.