तळं मालकाचं, मरण गुराख्याचं?

साथींनो,
पुसेगाव भागातल्या शेततळ्यांना आमचा विरोध नाही. कोरडवाहूचं दुखणं आम्हालाच ठाऊक. पण अनुदानासाठी सातबारा पुढं करणारा मालक, तळ्यात पोर बुडालं की म्हणतो, "तिथं कशाला गेलं?" अहो, ढोरं राखणारं लेकरू पाण्यावर जाणारच! पन्नीवर पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कुंपण नाही, दोर नाही, सांडवा धड नाही. अन् बांध फुटला तर खालच्या वनपट्ट्यातली माती जाते.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरवरची धरणं बघतो, काही अटींवर 10 मीटरवरची. बाकीच्यांना वाली कोण? रत्नागिरीतलं तिवरे धरण तर सरकारचंच. गळतीची तक्रार गावानं केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं, माणसं वाहून गेली, आणि जलसंधारण मंत्र्यानं दोष दिला खेकड्यांना! सरकारी धरणाची ही गत, मग खाजगी तळ्याला कोण विचारतो?

आमची मागणी: प्रत्येक तळ्याची मालकाच्या नावानं ग्रामपंचायतीत नोंद करा. कुंपण, दोर, सांडवा पाहिल्याशिवाय अनुदान नको. बांधाची तपासणी मिरगाआधी, खालच्या पट्टेधारकांसमोर. नुकसान झालं तर भरपाई मालकानंच द्यावी. येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. पट्ट्याची नक्कल सोबत आणा.