वर्ध्याची पांदण आणि ताठ फोर्कची सायकल : प्रगतीच्या शिडीवर एक आक्षेप

१/ डोंगरी सायकलींच्या शर्यतीत स्प्रिंग नसलेला फोर्क घेऊन उतरणारा स्पर्धक आज एक तर विक्षिप्त हौशी समजला जातो, नाहीतर परिस्थितीने गांजलेला. दोन्ही समजांमागे एकच गृहीतक आहे : ताठ फोर्क हे मागे पडलेले यंत्र आहे. सायकलचा इतिहास या गृहीतकाला पाठिंबा देत नाही. वर्धा जिल्ह्याचा इतिहास तर त्याहून देत नाही. या थ्रेडमध्ये दोन्ही इतिहास एकत्र पाहू.

२/ प्रथम संज्ञा. सायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांच्या सांगाड्यात बसते तो फोर्क. हा सांगाडा एकसंध आणि न दबणारा असेल तर तो रिजिड, म्हणजेच ताठ फोर्क. सस्पेन्शन फोर्कमध्ये नळीत नळी सरकते. आत स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असते आणि उसळी आवरण्यासाठी तेल असते. क्रॉस-कंट्री म्हणजे चढ, उतार आणि सपाटी असलेल्या कच्च्या वाटेवरची शर्यत. तिथे आज साधारण १०० ते १२० मिलिमीटर दबणारे फोर्क रूढ आहेत.

३/ लोकप्रिय कथा अशी की आधी ताठ सायकल होती, मग विज्ञान पुढे गेले आणि सस्पेन्शन आले. प्रत्यक्षात क्रम इतका सरळ नाही. जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही आधुनिक सायकलची आद्य प्रतिमा १८८५ची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिन्ली अँड बिग्ज यांनी ‘व्हिपेट’ ही स्प्रिंग बसवलेल्या सांगाड्याची सायकल आणली. म्हणजे सस्पेन्शन आधुनिक सायकलच्याच वयाचे आहे.

४/ मग ते लोपले का? १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. भरीव रबरी चाकांचे हादरे सोसण्यासाठी जी स्प्रिंग लागत होती, तिचे काम हवेनेच केले. काही वर्षांत स्प्रिंगच्या सायकली बाजारातून मागे सरल्या. अधिक गुंतागुंतीचे यंत्र साध्या उपायापुढे हरले. किर्लोस्कर समूह आपली स्थापना ज्या बेळगावच्या सायकल दुकानापासून मोजतो, ते वर्षही १८८८च. महाराष्ट्राच्या सीमेवर सायकल पोहोचली, ती ताठ फोर्क घेऊनच.

५/ या ताठ सायकली केवळ डांबरी रस्त्यांवर फिरल्या नाहीत. १८९७ साली अमेरिकेच्या २५व्या पायदळ रेजिमेंटमधील वीस कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मोंटानातील मिझूला येथून सेंट लुईसला सायकलींवर गेले. अंतर सुमारे ३,००० किलोमीटर, कालावधी ४१ दिवस. वाटेत रॉकी पर्वत होता, चिखल होता, रेती होती. त्यांच्या सायकलींच्या फोर्कमध्ये स्प्रिंग नव्हती.

६/ त्याहून मोठे उदाहरण मुंबईचे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती मार्च १९२८ मध्ये पूर्ण केली. एकूण प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटर. इराणचे ओसाड रस्ते आणि मेसोपोटेमियाचे वाळवंट त्यांनी ताठ फोर्कवर पार केले. ही शर्यत नव्हती. पण कच्च्या वाटेवर ताठ फोर्क टिकतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

७/ डोंगरी सायकलींची शर्यतही ताठ फोर्कवरच जन्मली. ऑक्टोबर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यातील नावे. सायकली होत्या जुन्या, जड, भंगारातून सावरलेल्या. उतरताना मागच्या हबचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. ग्रीस पुन्हा भरण्याच्या याच कामावरून शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. एक जागतिक खेळ अशा घरगुती दुरुस्तीतून उभा राहिला.

८/ सस्पेन्शनचे पुनरागमन झाले १९८९ मध्ये. पॉल टर्नर यांच्या ‘रॉकशॉक्स’ने ‘आरएस-वन’ हा फोर्क आणला. तो जेमतेम पाच सेंटिमीटर दबत असे. १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक डोंगरी सायकल स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्ड यांनी याच फोर्कवर उताराच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. १९९६ मध्ये अटलांटा येथे क्रॉस-कंट्री ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. अव्वल स्पर्धांत ताठ फोर्क हळूहळू दुर्मीळ झाला.

९/ मात्र याच काळात उलट दिशेची एक घटना घडली आणि ती विसरली गेली. दगडी फरसबंदीसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस–रूबे शर्यत १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षे जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी सस्पेन्शन फोर्कवर जिंकली. आता सर्वजण तोच वापरणार असे वाटले. तसे झाले नाही. काही वर्षांत त्या शर्यतीतील सायकलस्वार ताठ फोर्ककडे परतले, आणि पुढे रुंद टायर व हवेचा कमी दाब हा मार्ग रूढ झाला. डनलॉप पुन्हा जिंकला.

१०/ यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. यंत्रांचा इतिहास म्हणजे एकाच दिशेने वर जाणारी शिडी नव्हे. एखादे साधन कुठे टिकते हे रस्ता, किंमत, सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात मिळून ठरवतात. आणि नेमका हाच प्रश्न भारतात सर्वाधिक गांभीर्याने जिथे मांडला गेला, त्या ठिकाणांत वर्ध्याचे नाव अग्रभागी आहे. तिथे चर्चा सायकलची नव्हती, चरख्याची होती.

११/ पार्श्वभूमी १९२९ची. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके, सहज हलवता येणारे, खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालणारे असावे. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी. वीस वर्षे टिकावे. आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

१२/ वेग मागितला होता, हे येथे लक्षात घ्यावे. परंतु वेगाच्या शेजारीच किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती या अटी समान दर्जाने बसवल्या होत्या. १९३४ मध्ये वर्ध्यात मगनवाडी हे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र झाले, जे. सी. कुमारप्पा तिथे काम करू लागले. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहावयास गेले. तेच गाव १९४० पासून सेवाग्राम. याच वर्तुळातील पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन, अर्थात भारतानंद, यांनी धनुष तकली विकसित केली. चरख्याहून साधी, आणि गावातच मिळणाऱ्या साहित्यातून बनू शकणारी. एक प्रशिक्षित अभियंता विचारपूर्वक साधेपणाकडे वळला होता.

१३/ याचा अर्थ साधे तेच श्रेष्ठ, असा काढणे चुकीचे ठरेल. शिवणयंत्र हा उपयुक्त शोध आहे, असे स्वतः गांधीजींचे मत होते. १९५०च्या दशकात अधिक चात्यांचा, अधिक गुंतागुंतीचा अंबर चरखा खादीच्या क्षेत्रात स्वीकारला गेला, कारण उत्पादन वाढवणे गरजेचे होते. वर्ध्याची शिकवण यंत्रविरोधाची नाही. ती कसोटीची आहे : हे यंत्र कोण चालवणार, कोण दुरुस्त करणार आणि बिघडले तर चालवणाऱ्याचे काय होणार?

१४/ तीच कसोटी फोर्कला लावून पाहावी. शर्यतीच्या सस्पेन्शन फोर्कचे खालचे पाय साधारण ५० तासांच्या वापरानंतर उघडून स्वच्छ करावेत, तेल बदलावे, अशी उत्पादकांचीच शिफारस असते. सील विशिष्ट मापाचे, हवा भरण्याचा पंप वेगळा, हत्यारे वेगळी. आष्टी, कारंजा वा समुद्रपूरच्या सायकल दुकानात कारागीर पंक्चर काढतो, चाकाचा आऊट काढतो, छर्रे बदलतो, हँडल सरळ करतो. ताठ फोर्क त्याच्या हातात येतो. त्यात उघडण्यासारखे काही नाही. वाकला तर डोळ्यांना दिसतो.

१५/ आता भूमी. वर्धा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. त्यावर काळी कापसाची माती. पावसाळ्यात ही माती फुगते, चिकटते, चाक धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पांदणीवर, म्हणजे शेतात जाणाऱ्या वहिवाटीवर, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि गुरांच्या खुरांचे खड्डे वाळून दगडासारखे होतात. चिखल दोन्ही प्रकारच्या फोर्कमध्ये अडकतो. परंतु बारीक माती सस्पेन्शनच्या सीलपाशी साचून सरकणारी नळी झिजवते, आणि ताठ फोर्कमध्ये झिजण्याजोगी नळीच नसते. शिवाय या भागातील शर्यत हरवणारा खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. त्याच्यापुढे दोन्ही फोर्क सारखेच हतबल.

१६/ बाजाराचीही एक गोष्ट आहे. स्वस्त सायकलींवर ‘सस्पेन्शन’ म्हणून जे येते, ते बहुधा लोखंडी नळीतली साधी स्प्रिंग असते. उसळी आवरणारे तेल त्यात नसते. वजन अडीच किलोच्या आसपास किंवा अधिक. चढावर ते ओझे होते, उतारावर चाक उसळवते आणि गंजल्यावर हलेनासे होते. म्हणजे गंजलेला सस्पेन्शन फोर्क हा अखेर एक जड ताठ फोर्कच असतो. तेवढ्याच पैशात उत्तम ब्रेक आणि रुंद, चांगले टायर घेणे अधिक शहाणपणाचे.

१७/ प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे नाही. खडकाळ, तीव्र उतारावर चांगला सस्पेन्शन फोर्क निःसंशय वेगवान आहे. चाक जमिनीला धरून राहते, ब्रेक नीट लागतो, मनगटे थकत नाहीत, तोल राहतो. जागतिक पातळीवर अव्वल स्पर्धक तो निवडतात ते हौसेने नव्हे. राष्ट्रीय पदकाचे ध्येय असलेल्या खेळाडूने त्याचा सराव करायलाच हवा. ताठ फोर्कची कैवारी मंडळी कधीकधी हे नाकारतात आणि आपलीच बाजू कमकुवत करतात.

१८/ प्रश्न वेगळाच आहे. प्रारंभरेषेवर उभे कोण राहणार? महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. त्या सायकली रोज कच्च्या रस्त्याने शाळेत जातात आणि ताठ फोर्कच्याच असतात. गावोगावच्या गणेशोत्सवात संथ सायकल स्पर्धा याच सायकलींवर रंगते. म्हणजे सायकलस्वार आहेत, वाट आहे, शर्यतीची हौस आहे. अडसर आहे तो ‘खरी’ सायकल कोणती या समजुतीचा.

१९/ हा अडसर नियमांनी घातलेला नाही. क्रॉस-कंट्रीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सस्पेन्शनची सक्ती नाही. म्हणून जिल्ह्यात अशी शर्यत घेणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ताठ फोर्कसाठी स्वतंत्र गट ठेवावा आणि त्याचे बक्षीस इतर गटांइतकेच असावे. मार्ग पांदणी, मुरमाड माळ आणि कालव्याकाठच्या रस्त्यांनी आखावा. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलापासून दूर, आणि जीवघेणे उतार टाळून. सायकलची किंमत न पाहता ब्रेक, टायर आणि हेल्मेट यांची तपासणी मात्र कठोरपणे करावी.

२०/ अशा गटाला ‘गरिबांचा गट’ म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. १९७६ मध्ये मॅरिनच्या टेकडीवर जे उतरले, ते याच गटात बसले असते; १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा करून मुंबईत परतलेले ते तिघेही. ताठ फोर्कवर स्वार वाट वाचायला शिकतो : कोणता दगड टाळायचा, कुठे हात सैल सोडायचे, कुठे उभे राहून पायडल मारायचे. पुढे ज्याला वा जिला सस्पेन्शनची सायकल मिळेल, त्या स्पर्धकाला ही विद्या तिथेही उपयोगी पडेल.

२१/ मगनवाडीत नव्वद वर्षांपूर्वी साधनांची पारख करणाऱ्यांनी वेगाला नकार दिला नव्हता. वेग कोणाच्या वाट्याला येतो, एवढेच विचारले होते. वर्ध्याच्या पांदणीवर शर्यत भरेल तेव्हा आयोजकांनी नावनोंदणीच्या तक्त्यावर हाच प्रश्न लिहून ठेवावा. उत्तर द्यायला शाळेच्या सायकलीवर आलेली एखादी आठवीतली मुलगी पुरेशी आहे. तिला प्रवेश अर्ज मात्र मिळाला पाहिजे.