नवतपा आणि दोनशे मीटर

३० मे हा जागतिक एमएस दिन. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. २००९ पासून हा दिवस पाळतात. सुरुवातीला मे महिन्याचा शेवटचा बुधवार असायचा, नंतर ३० मे ही तारीख पक्की झाली. ज्यांनी ती ठरवली त्यांच्या डोक्यात आमचं धामणगाव रेल्वे असण्याचं काही कारण नव्हतं. कारण ३० मे म्हणजे आमच्याकडे ऐन नवतपा! २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस अख्खं वऱ्हाड डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिडकीतला कूलर फुल्ल करून बसतं. ४५ डिग्री झाले तर कोणी बातमी म्हणूनही सांगत नाही. आणि एमएसच्या बहुतेक रुग्णांची ताकद झटक्यात उतरवणारी गोष्ट कोणती? उष्णता.

आधी आजार थोडक्यात. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं. वायरवर इन्सुलेशन असतं तसंच. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा हे आवरण कुरतडते. बहुतेकांना याची सुरुवात २० ते ४० या वयात होते, आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे हा म्हातारपणाचा आजार नाही, तुमच्या-माझ्या वयाचा आहे. होम लोनचा पहिला हप्ता आणि हा आजार एकाच वर्षी येऊ शकतात.

आता उष्णतेचं गणित. आवरण निघालेल्या नसेतून सिग्नल जातो, पण जेमतेम. शरीर तापलं की नसेतली सोडियमची दारं जास्त लवकर बंद होतात, सिग्नल आखूड होतो आणि उघड्या तुकड्यापलीकडे उडी मारण्याइतका जोर त्यात उरत नाही. त्यासाठी शरीराचं आतलं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी काहींना पुरतं. मग दिसायला धूसर होतं, पाय जड होतात, तोल जातो, बोटं ऐकत नाहीत. हार्डवेअर तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त सर्व्हर रूमचा एसी बंद! आणि एसी चालू झाला, म्हणजे शरीर गार झालं, की सगळं पुन्हा जागेवर. नसेचं नवं नुकसान झालेलं नसतं. (नवा त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर मात्र उन्हावर ढकलायचं नाही, डॉक्टर गाठायचा.)

हे नवीन ज्ञान नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की काही एमएस रुग्णांची नजर श्रमानंतर अधू होते. त्याला वाटलं दोष श्रमाचा. दोष उष्णतेचा आहे हे नंतर कळलं. पुढे तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघायचे आणि त्यावरून निदानाचा अंदाज बांधायचे. एमआरआय आल्यावर ती पद्धत मागे पडली. आमच्याकडे मे महिन्यात ही टेस्ट निसर्ग फुकट करून देतो.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. या आजारातला सगळ्यात वाईट भाग पाय लटपटणं हा नाहीच. सगळ्यात वाईट म्हणजे लोकांचा विश्वास न बसणं. "सकाळी तं मस्त हिंडत होती, आता काऊन पडून आहे?" हे वाक्य आमच्याकडे घरचीच माणसं बोलतात. शहरात हेच वाक्य जरा सभ्य होतं आणि मॅनेजर बोलतो.

माझ्या जुन्या टीममध्ये एक जण होती. एमएस होता, काम चोख होतं. तिची जागा पश्चिमेच्या काचेला लागून, आणि रोजची मीटिंग दुपारी ४ ला. तिने मागितलं काय, तर सकाळची शिफ्ट, आतली जागा आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम. उत्तर मिळालं, "पॉलिसीत बसत नाही. तुम्ही फिट आहात की अनफिट, ते डॉक्टरांकडून लिहून आणा." २०१९ मध्ये तिने राजीनामा दिला. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने चार दिवसांत सगळ्यांना घरून कामाला लावलं. पॉलिसी बसली की हो! फक्त ती तोवर गेली होती.

मुद्दा असा की "फिट की अनफिट" हा प्रश्नच चुकीचा आहे. क्षमता हा माणसाच्या अंगात कोरलेला आकडा नाही. तो माणूस, तापमान, अंतर आणि वेळ यांचा मिळून होणारा आकडा आहे. लोड किती ते न सांगता सर्व्हरची क्षमता आपण कधी विचारतो का?

डॉक्टर लोक अंतर मोजतात, आणि बारकाईने मोजतात. जॉन कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ० ते १० ची मोजपट्टी आजही जगभर वापरतात. आधाराशिवाय, न थांबता साधारण ५०० मीटर चालता आलं तर ४, २०० मीटर तर ५, आणि १०० मीटरला काठी लागली तर ६. आता हे आकडे घेऊन रेल्वे स्टेशनवर चला. एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा. २२ डब्यांची गाडी ५०० मीटरच्या वर जाते. दिव्यांगांसाठीचा डबा बहुतेक एक्सप्रेसना कुठे असतो? गाडीच्या टोकाला. लहान स्टेशनांवर शेड कुठे असते? बहुधा मधल्या भागात. म्हणजे दवाखान्यासाठी नागपूरला निघालेल्या, २०० मीटर चालू शकणाऱ्या बाईला आपण भर उन्हात २५० मीटर चालवतो, तेही गाडी दोन मिनिटं थांबणार या धास्तीत. तिची क्षमता आजाराने कमी केली की प्लॅटफॉर्मने?

कायद्याने काही दिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. खासगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. पण प्रमाणपत्रावर येते एकच टक्केवारी, आणि ४० ची रेघ ओलांडली तरच बहुतेक सवलती. सकाळी १० ला आणि दुपारी ४ ला वेगळा असणारा माणूस एका आकड्यात कसा मावणार?

एक शंका येईल. उन्हाने त्रास होतो तर त्यांनी घरात पडून राहावं ना? नाही! कित्येक वर्षं डॉक्टरही हेच सांगायचे, व्यायाम टाळा म्हणून. पण १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या पेटाजान आणि सहकाऱ्यांनी रुग्णांकडून १५ आठवडे एरोबिक व्यायाम करून घेतला, आणि त्यांचा दम आणि ताकद वाढली. पडून राहिलं की स्नायू आणि दम दोन्ही जातात, आणि मग आजाराने नेलं किती आणि झोपून गेलं किती, हे कळेनासं होतं. आता तज्ज्ञ झेपेल तसा, आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत व्यायाम सुचवतात. वऱ्हाडात त्याचा अर्थ सरळ आहे: पहाटे साडेपाचला फिरणं, जवळ गार पाणी, मानेवर ओला पंचा, आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला.

मग करायचं काय? मोठं काही नाही. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात साधा कूलरसुद्धा काठीइतकंच महत्त्वाचं साधन आहे, त्याला चैन म्हणणं बंद करू. लाईट जाते तेव्हा अशा घरातल्या माणसाची चाल जाते, हे वीज कंपनीला कळायला हवं. प्लॅटफॉर्मवर शेड टोकापर्यंत न्यावी, नाहीतर तो डबा मध्ये आणावा. ऑफिसात जागा, वेळ आणि घरून काम, या तीन गोष्टी मागणाऱ्याला प्रमाणपत्राआधी एक साधा प्रश्न विचारावा: "तुला कशाने सोपं होईल?"

आणि घरच्यांना एवढंच. सकाळी ती चालत होती ते खरं, आणि दुपारी तिचे पाय उचलत नाहीत तेही खरंच. दोन्हींवर विश्वास ठेवायला पैसे लागत नाहीत.