गुडघेदुखीचा इलाज यंत्राच्या हवाली करू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, आरोग्य सेवा
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद

महोदय,


मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या झिजेवरचा सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे नीट शिकवलेला आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली होणारा व्यायाम. आपल्याकडे मात्र रुग्णाच्या वाट्याला आधी मशीन येते आणि व्यायाम येतो तो शेवटी, छापील कागदावर. हा क्रम बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘फिजिओ, दहा सिटिंग’ एवढेच लिहिलेले असते. रुग्ण कॉटवर आडवा होतो. गुडघ्याला थंडगार जेल लागते, त्यावरून अल्ट्रासाउंडचे धातूचे गोल हेड सात-आठ मिनिटे फिरते, मग दुसऱ्या मशीनचे पॅड लावून ‘करंट’ दिला जातो. जेल पुसायचे आणि उद्या पुन्हा यायचे. कुणी याला शेक म्हणतात, कुणाला ती सोनोग्राफी वाटते. रोज बुडवून, एसटीचे तिकीट काढून, सुनेला किंवा नातवाला सोबत घेऊन माणसे या सिटिंग पुऱ्या करतात. आपला गुडघा कशाने बरा होणार आणि कशाने नाही, हे त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलेच नसते.

या मशीनच्या हेडमध्ये एक स्फटिक असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला दहा लाख किंवा तीस लाख वेळा कंप पावतो. दहा लाखांच्या लहरी काही सेंटीमीटर खोल जातात, तीस लाखांच्या वरच्या थरातच विरतात. मध्ये हवा राहिली तर लहरी आत शिरतच नाहीत, म्हणून जेल लावावे लागते. लहरी सलग दिल्या तर आतले स्नायू-अस्थिबंध उबदार होतात, तुटक दिल्या तर ऊब कमी राहते. एवढेच या यंत्राचे काम. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही.

दुखणे कमी होते का? 2010 साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. गुडघ्याच्या झिजेवरचे पाच छोटे प्रयोग हाती लागले, त्यांत मिळून 341 रुग्ण होते. दहा सेंटीमीटरच्या वेदनापट्टीवर अल्ट्रासाउंडने सरासरी 1.2 सेंटीमीटर जास्त आराम दिसला, पण पुरावा कच्चा असल्याचे त्या अभ्यासकांनीच नोंदवले. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर 2022 मध्ये झिजेच्या उपचारांचे नवे मार्गदर्शन काढले. पुरेसा पुरावा नसल्यामुळे अल्ट्रासाउंड आणि करंटचे उपचार देऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. व्यायाम मात्र प्रत्येक रुग्णाला द्यावा, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला मदत करावी, असेही म्हटले आहे.

अल्ट्रासाउंड ही फसवणूक आहे, असे मी म्हणणार नाही. ऊब मिळते, कुणीतरी दुखऱ्या जागेला हात लावून विचारपूस करते, आणि काही जणांना काही दिवस खरेच बरे वाटते. त्या दिवसांत रुग्णाला उभे करून व्यायामाला लावले, तर तो आराम सत्कारणी लागतो. नुसतेच झोपवून ठेवले, तर दहावी सिटिंग संपते आणि दुखणे परत येते. शिवाय यंत्र हाताळायलाही जाणकार हात लागतो. हेड एकाच जागी धरून ठेवले की हाडात टोचल्यासारखी कळ येते. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल तर चटका बसला तरी रुग्णाला कळत नाही. पायाच्या शिरेत गुठळी असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा त्या जागी कर्करोग असेल, तर हे मशीन लावूच नये.

आता व्यायामाचे. साठीच्या आसपासच्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. उमेदीची वर्षे लावणी-खुरपणीत गेलेली. एसटीची पायरी चढताना दांडी दोन्ही हातांनी धरावी लागते, ही त्यांची मुख्य तक्रार. ‘वंगण संपलंय, चालू नका’ असे कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी चालणे सोडले होते. दोन्ही मांड्या टेपने मोजल्या तर दुखऱ्या बाजूची मांडी चांगलीच बारीक झालेली. गुडघ्याचा भार पेलणारा मांडीचा पुढचा स्नायू वापराअभावी वाळत चालला होता. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. सुरुवात एवढ्यावर केली. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, मग लाकडी पाट ठेवून त्यावर चढणे-उतरणे. पहिल्या आठवड्यात त्या कुरकुरल्या. व्यायामाने थोडे दुखणे वाढले तरी ते झीज वाढल्याचे लक्षण नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा समजावावे लागले. दीडेक महिन्याने त्या एका हाताने दांडी धरून चढू लागल्या. क्ष-किरणात झीज होती तेवढीच राहिली; बळकट झाली ती मांडी, आणि चालण्याची भीती गेली.

यामागचे शास्त्र साधे आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबून सोडावा तशी ती हालचालीत दाबली जाते, मोकळी होते आणि सांध्यातल्या द्रवातून पोषण घेते. गुडघा हलवलाच नाही, तर तिचे पोषणही मंदावते. वजनाचा हिशेबही तितकाच सरळ आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसले की, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोंनी कमी होतो. डेन्मार्कने 2013 मध्ये ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. रुग्णांना आधी आजार समजावून सांगायचा आणि मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, गटाने व्यायाम करून घ्यायचा. त्यासाठी लागते एक खोली, काही खुर्च्या, एक पायरी आणि शिकवणारे माणूस. यातले शेवटचे सोडले तर बाकी सगळे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहे.

मग मशीनच का चालते? एक फिजिओथेरपिस्ट आणि दारात मोठी रांग असली की तीन कॉटवर तीन मशीन लावून रांग पुढे सरकवता येते. व्यायाम शिकवायला मात्र एकेका रुग्णासमोर उभे राहावे लागते. मशीनचे बिल करता येते, समजावण्यात गेलेल्या वेळाचे करता येत नाही. रुग्णालाही मशीन लावले की उपचार झाल्यासारखे वाटते. एकट्यादुकट्या फिजिओथेरपिस्टला हे बदलणे अवघड आहे. ते धोरणानेच बदलेल. म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली : सरकारी रुग्णालयांसाठी गुडघ्याच्या झिजेची लेखी उपचारपद्धती ठरवा. सहा आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम आणि वजनाबाबत सल्ला हा तिचा गाभा असावा. अल्ट्रासाउंड दिलेच तर व्यायामाच्या जोडीला, आणि त्याच्या मर्यादा रुग्णाला सांगून. तीस सेकंदांत रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठतो, याची पहिल्या आणि शेवटच्या दिवशी नोंद ठेवा. उपचाराचा उपयोग झाला की नाही, ते त्या आकड्यावरून कळेल.

दुसरी : ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची कायम पदे भरा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत आठवड्यातून एक दिवस गुडघ्याचा व्यायामवर्ग ठेवा. समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंना त्याचे प्रशिक्षण द्या, आणि त्या कामाचे मानधनही द्या.

तिसरी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. दाखल न होता घेतलेल्या व्यायामवर्गाचा खर्चही तिच्यात आणा.

चौथी, परिषदेकडे : प्रत्येक केंद्रातल्या अल्ट्रासाउंड यंत्राची दरवर्षी मापतपासणी सक्तीची करा. पडद्यावर दिसणारा आकडा आणि हेडमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती एकच आहे का, हे हाताला कळत नाही. आणि सिटिंगच्या पावतीवर व्यायामाची मिनिटे वेगळी लिहिणे बंधनकारक करा.

प्रश्न लहान नाही. देशाच्या पाच भागांत केलेली एक पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तपासलेल्यांपैकी 28.7 टक्के लोकांच्या गुडघ्यांत झीज आढळली. त्यातही बायकांचे प्रमाण जास्त. सरकारने मनावर घेतले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत, कर सोडून, 54,720 रुपयांवर आणली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचलेल्यांना त्याचा आधार झाला. त्या टेबलापर्यंत जायची वेळ ज्यांच्यावर अजून आलेली नाही, त्यांच्यासाठी आता काही करायला हवे.

देशातले फिजिओथेरपीचे शिक्षण 1950 च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. दुबळ्या स्नायूंना पुन्हा कामाला लावणे, हेच तेव्हापासून आमच्या विद्येचे मूळ आहे. ते काम करायला आम्हाला वेळ, जागा आणि माणसे द्या. व्यायामवर्गांचा शासन निर्णय आधी काढा. यंत्रखरेदीची फाईल त्यानंतर हातात घ्या.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट