तबकड्यांची रद्दी

बदलीचा हुकूम आला की आपल्या घरांत पहिली गदा येते ती जुन्या तबकड्यांवर. म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये एका मराठी अधिकाऱ्याच्या बिऱ्हाडातील बालगंधर्वांच्या तबकड्या रद्दीवाल्याच्या तराजूत चढलेल्या आम्ही पाहिल्या. फ्रिज मात्र गोधडीत गुंडाळला जात होता! आणि हे त्या शहरात, जेथे १९०२ साली ध्वनिमुद्रिकेसाठी गायिलेल्या गौहरजानने १९३० साली शेवटचा श्वास घेतला. ‘सारे आता मोबाइलवर मिळते,’ हे समर्थन आम्हांस मान्य नाही. मिळते, ते कुणीतरी तबकडी जपली म्हणून. शिवाय आरंभीच्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला ७८ फेरे घेत नसत; नक्कल करताना वेग चुकला की गायकाची पट्टीच बदलते. मूळ तबकडी फुटल्यावर ती चूक दाखविणार कोण? लाखेच्या या तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्या लागतात, इतकेच. बदलीच्या ट्रकमध्ये तेवढी जागा निघते.